भेगेची जन्मवेळ

पुलाच्या चौथ्या गाळ्यावर मांडी ठोकून बसलेली डॉक्टर फरझाना मुकादम सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली, की यंत्राचं डोकं फिरलंय. यंत्राचं डोकं अगदी ठिकाणावर आहे हे त्या पुलावर मृण्मयी आरवाडेइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, आणि नेमकं तेच तिला बोलायचं नव्हतं.

सागरी महामार्गावरचा हा वेसरड्याचा खाडीपूल. साल दोन हजार अठ्ठेचाळीस, महिना फेब्रुवारी, पुलाला बावीस वर्षं पुरी व्हायला आली होती. पुलाच्या हिशेबात हे ऐन तारुण्य. पण अंगावरच्या भेगा अशा, की गेल्या पावसाळ्यानंतर त्यावरून जड गाड्या बंद केल्या होत्या. एसटी अलीकडच्या तीरावर माणसं उतरवायची, माणसं सामानसुमान डोक्यावर घेऊन पूल पायी ओलांडायची, आणि पलीकडे दुसरी एसटी धरायची. पलीकडच्या अकरा गावांचा जीव या पुलात अडकला होता. पूल दुरुस्त करायचा की पाडायचा, हे मृण्मयीच्या अहवालावर ठरणार होतं. ती सरकारच्या पूल-निदान कक्षाची प्रमुख, वय शेहेचाळीस, मूळची सांगलीची. फरझाना त्याच कक्षातली रसायनशास्त्रज्ञ, रत्नागिरीची, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. समोर रबरी चाकांवर उभं असलेलं फ्रीजएवढं यंत्र म्हणजे भेगवेध. त्यातलं रसायन फरझानाचं आणि पूलशास्त्र मृण्मयीचं. नऊ वर्षं दोघी हात धुऊन त्याच्यामागे लागल्या होत्या.

भेगवेध करतं काय, ते आधी सांगायला हवं. लोकांना वाटतं, काँक्रीट सुकून कडक होतं. साफ चूक. काँक्रीट सुकत नाही, ते पाणी खातं. सिमेंटचा कण न् कण पाणी ओढून घेतो, त्यातून बारीक स्फटिक वाढतात, ते एकमेकांत बोटं अडकवतात आणि खडी-वाळूला घट्ट धरून ठेवतात. ते चिरायची कारणं त्याच्या वयाप्रमाणे बदलतात, माणसाच्या दुखण्यांसारखीच. पहिल्या तीन-चार तासांत, ओलं असताना, ऊन-वारा त्याच्या तोंडचं पाणी पळवतो आणि ते खोलवर चिरतं. पहिल्या आठवड्यात वरून पाणी मारायला कुणी चुकलं की नुसती कातडी फाटते. पुढे वर्षानुवर्षं जादा वजनाच्या गाड्या असतात, समुद्राचं मीठ असतं, आतल्या सळीला चढणारा गंज असतो. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. वरून पाहाल तर सगळ्या भेगा सारख्याच दिसतात. पण कारण चुकलं की इलाज चुकतो.

तर भेगवेध केसाएवढी नळी भेगेत सोडतं आणि भेगेच्या दोन्ही भिंती वाचतं. भेग ओल्या काँक्रीटमध्ये पडली असेल तर ती खडीला वळसा घालून जाते, कडक झाल्यावर पडली असेल तर खडी फोडून जाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू वर्षाला किती आत शिरतो यावरून भेगेचं वय निघतं. फरझानाची करामत याच्या पुढची. पाण्यात काही रेणू जरा जड असतात. ऊन-वारा हलके रेणू आधी उचलतो, जड मागे राहतात आणि काँक्रीट घट्ट होताना त्याच्या चुन्यात कायमचे अडकतात. त्यांचं प्रमाण आणि स्फटिकांची ठेवण वाचली, की भेग पडली त्या घटकेला किती तापलं होतं, वारा किती होता, काँक्रीट ओतून किती तास झाले होते, सगळं बाहेर येतं. बांधकामावरच्या लोकांनी या प्रकाराला सोपं नाव दिलं होतं, भेगेची पत्रिका काढणं.

या पत्रिकेने पुष्कळांची झोप उडवली. पूर्वी पुलाला भेग पडली की दोष हवेत विरून जायचा. हवामान, माती, नशीब, कुणीही चालायचं. आता कायदाच झाला होता, की प्रत्येक भेगेचा अहवाल चार रकान्यांत द्यायचा: कुठे, केव्हा, कशामुळे आणि कोणामुळे. पहिले तीन रकाने यंत्र भरायचं. चौथा कक्षप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरायचा, कारण यंत्राला माणसं ओळखता येत नाहीत. निवृत्त होऊन नातवंडं खेळवणाऱ्या एका बड्या अभियंत्याचं नाव मृण्मयीने त्या रकान्यात लिहिलं, तेव्हा त्याच्या मुलीने तिला फोन करून अर्धा तास वाट्टेल ते ऐकवलं होतं. मृण्मयीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि नाव तसंच ठेवलं. आरवाडेबाई कुणाची भीडभाड ठेवत नाहीत, असं लोक म्हणत. तिला ते आवडायचं.

आज त्याच यंत्राने पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, विसंगती. यंत्राचं म्हणणं असं, की चौथ्या गाळ्याची ही भेग काँक्रीट ओतल्यावर तीन तासांच्या आत पडली आणि त्या वेळी वरचा थर त्रेचाळीस अंशांवर होता, वर कोरडा वारा सुसाट सुटलेला होता. पण बांधकामाच्या रोजवहीत काम सुरू झाल्याची वेळ सकाळी सहा अशी नोंदलेली. म्हणजे भेग नऊच्या आत पडायला हवी. मार्चमधल्या सकाळी नऊला खाडीकाठी त्रेचाळीस अंश येणार कुठून?

फरझानाने रोजवहीच्या पानाचा फोटो मोठा केला आणि खालची सही पाहून ती चमकली.

"ताई, ही सही तुमची आहे?"

"हो. माझी पहिली नोकरी. ठेकेदार कंपनीत होते मी तेव्हा."

"मग तुम्ही होतात इथे. सहालाच सुरू केलं होतं ना?"

"वहीत लिहिलंय ना," मृण्मयी म्हणाली.

झालं. बावीस वर्षांपूर्वीचं खोटं तिने आज दोन-तीन शब्दांत पुन्हा सांगून टाकलं. खरं तर नियमाप्रमाणे तिने हा पूल दुसऱ्याकडे सोपवायला हवा होता. पण सोपवला असता तर लोकांनी विचारलं असतं, का सोपवला. आणि खोटं फार वर्षं जपलं की माणसाला ते खरंच वाटायला लागतं. भेगेत मीठच सापडेल, गंजच सापडेल, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती. त्रेचाळीस अंश हा आकडा पाहिला मात्र, आणि तो सबंध दिवस तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्या दिवशी चौथ्या गाळ्याचा स्लॅब सकाळी सहाला टाकायचा ठरला होता. मुहूर्ताचा नारळ फोडायला एक पुढारी येणार होते, ते उगवले साडेअकराला. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले आणि मोटारी धुरळा उडवत गेल्या. तोवर ऊन रणरणायला लागलं होतं. समुद्रावरचा वारा त्या दिवशी आलाच नाही. घाटाकडून कोरडा, भाजून काढणारा वारा सुटला होता. मुख्य मिस्त्री होता धाकू रांबाडे, खाडीपलीकडच्या तांबडवाडीचा, तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. त्याने डोक्याचा रुमाल बादलीत बुडवला, न पिळता फळीवर पसरला आणि उकिडवा बसून नुसता बघत राहिला. हवा पारखायची त्याची ही पद्धत. रुमाल हां हां म्हणता वाळला. तेव्हा तो उठून मृण्मयीकडे आला आणि म्हणाला, की मॅडम, आज नको. उद्या पहाटे टाकू. हा वारा स्लॅबचं पाणी पिऊन टाकणार.

मृण्मयी चोवीस वर्षांची होती. चाळीस पुरुषांत एकटी बाई. मिक्सरच्या गाड्या पोटातला माल गरगर फिरवत रांगेत उभ्या, फोनवर कंपनीच्या साहेबांची घाई, आणि हा मिस्त्री सगळ्यांदेखत सांगतोय की आज नको. तिला वाटलं, आज याचं ऐकलं तर उद्यापासून इथे आपलं कुणी ऐकणार नाही.

"मिस्त्री, पुस्तकं मी वाचलीत, तुम्ही नाही," ती म्हणाली आणि पावणेबाराला काम सुरू झालं.

गंमत अशी, की पुस्तकातही मिस्त्री म्हणत होता तेच लिहिलेलं होतं.

अडीच वाजता ओल्या स्लॅबवर रेघ उमटली. मग शेजारी दुसरी, तिसरी, बघता बघता दहा-बारा. मृण्मयीने वरून कोरडं सिमेंट भुरभुरवायला सांगितलं आणि थापीने घोटून रेघा बुजवायला लावल्या. धाकू मिस्त्रीने आपली थापी खाली ठेवली. वरनं लिंपलं तरी आत ती राहणारच, एवढंच तो म्हणाला. बाकीच्या गवंड्यांनी मुकाट्याने घोटलं, आणि संध्याकाळी स्लॅब कसा छान गुळगुळीत दिसत होता. पुढाऱ्यांच्या उशिराचा उल्लेख कागदावर नको, असं साहेबांनी फोनवर बजावलं होतं. तिने रोजवहीत लिहिलं, काम सुरू सकाळी सहा.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीने स्लॅबवर गोणपाटं अंथरली आणि स्वतः उभं राहून त्यांवर पाणी मारायला घेतलं. मारता मारता तिसरा दिवस आला तो शिमग्याचा. कोकणात शिमग्याला गावची देवी पालखीत बसून घरोघर येते. मुंबईतली माणसं त्यासाठी नोकऱ्यांना रजा टाकून गाव गाठतात. त्या दिवशी घरच्या कर्त्याने घरात नसणं म्हणजे देवीला दारातून परत पाठवणं. मृण्मयी घाटावरची, तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मिस्त्री तिला सांगून गेला, वाघजाईच्या पालखीला खांदा दिला आणि उन्हं उतरायच्या आत परतला. तेवढ्या चार-पाच तासांत मागे ठेवलेल्या गड्यांनी हयगय केली होती आणि गोणपाटं वाळून कडक झाली होती. हे मृण्मयीला कळलं ते मिस्त्रीकडूनच. त्याने आपण होऊन येऊन सांगितलं होतं.

पावसाळ्यात स्लॅबखालून पाणी ठिबकायला लागलं आणि चौकशी बसली. पुलाच्या तोंडाशी मांडव घातला, सगळे मजूर समोर. मृण्मयीने सांगितलं, मिस्त्री शिमग्याला गेला आणि स्लॅबला पाणी मिळालं नाही. साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, गेला होतास का? तो म्हणाला, गेलो होतो. पुढे विचारायचं काही राहिलंच नाही. त्याला कामावरून काढलं, आसपासच्या ठेकेदारांनी त्याचं नाव टाकलं, आणि पालखीपायी पूल घालवला हा बट्टा त्याला कायमचा लागला. निदान झालं, की पाण्यावाचून कातडी फाटली आहे, भेगा वरवरच्या आहेत. म्हणून वर एक पातळ लेप दिला. खोल भेगा आत तशाच राहिल्या, आणि खाडीचं मीठ त्यांतून सळीपर्यंत बावीस वर्षं उतरत राहिलं. मृण्मयीने वर्षभरात ती नोकरी सोडली, पुढे शिकली आणि भेगा ओळखण्यात मोठं नाव कमावलं. का म्हणून तिने हाच विषय निवडला, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने स्वतःलाही विचारलं नाही.

पुढचे चार दिवस फरझानाने यंत्राचा पिच्छा पुरवला. नळी बदलली, रसायनं बदलली, पुण्याच्या प्रयोगशाळेला आकडे पाठवून पुन्हा तपासून घेतले. मग तिने पहिला, दुसरा आणि तिसरा गाळा वाचला. ते तिन्ही स्लॅब खरोखरच पहाटे टाकलेले, आणि तिन्ही ठिकाणी यंत्राचं आणि वहीचं घड्याळ एकमेकांशी जुळलं. एकटा चौथा गाळा जुळेना. वही चुकीची असेल, असं तिच्या एकदाही मनात आलं नाही. वहीवर मृण्मयीताईची सही होती ना.

मृण्मयी समोर बसून हे सगळं बघत होती. बोलायचं ठरवून ती रोज सकाळी विश्रामगृहातून निघायची आणि पुलावर पोचेपर्यंत तिचं अवसान गळायचं. मनातल्या मनात ती बाजू मांडून पाहायची. आपण तेव्हा लहान होतो. साहेबांनी लिहायला लावलं. आता सांगून कुणाचं भलं होणार? तो मिस्त्री हयात तरी आहे की नाही, देव जाणे. चौथ्या वेळी हेच म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण तो हयात आहे हे तिने पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर विचारून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर फरझानाने एक पत्र तिच्यापुढे सरकवलं. भेगवेध सध्या वापरातून काढून घ्यावं, त्यावर आजवर दिलेले चाळीस अहवाल फेरतपासणीला घ्यावेत, आणि वेसरड्याच्या पुलाचा निर्णय जुन्या पद्धतीने व्हावा, असं तिने विभागाला लिहिलं होतं. जुन्या पद्धतीने म्हणजे काय, ते दोघींना ठाऊक होतं. इतक्या खोल भेगा पाहून जुनी पद्धत गाड्यांच्या वजनालाच दोष देणार, पूल पाडा म्हणणार, आणि नवा होईपर्यंत अकरा गावं चार वर्षं होडीवर. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. दोष यंत्राचा नसून माझ्या गणिताचा आहे, त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी.

"नऊ वर्षं गेली," फरझाना म्हणाली. "पण चुकलं ते चुकलं. सही करा, ताई."

मृण्मयीने ती ओळ पुन्हा वाचली. मांडवात उभा राहून गेलो होतो म्हणणारा मिस्त्री तिला आठवला. प्रामाणिक माणसावर दोष ढकलणं किती सोपं असतं, तो बिचारा हात पुढे करून घेतोच. एकदा तिने हे केलं होतं. आता काही न करता, नुसतं गप्प बसून, ती ते दुसऱ्यांदा करणार होती.

"सहाला सुरू झालं नव्हतं," ती म्हणाली. "पावणेबाराला झालं. वहीत मी खोटं लिहिलंय."

फरझाना उठली, बॅगेतला यंत्राशी जोडलेला लॅपटॉप उघडला आणि वेळेच्या जागी पावणेबारा घातले. लाल अक्षरं गेली. तीन रकाने भरून आले: चौथा गाळा, काम सुरू झाल्यावर पावणेतीन तासांनी, ओल्या काँक्रीटमधलं पाणी उन्हा-वाऱ्याने उडाल्यामुळे. भेग जन्माचीच होती, वजनाने पडलेली नव्हती. म्हणजे पूल पाडायची गरज नव्हती; वरचा थर खरवडून काढायचा, सळीभोवतीचं मीठ विजेने ओढून घ्यायचं आणि नवा थर द्यायचा, आठ-नऊ महिन्यांचं काम. नऊ वर्षांची मेहनत वाचली, अकरा गावांचा पूल वाचला. कुणालाही आनंदाने उडी मारावीशी वाटली असती. फरझानाने पत्राचे दोन तुकडे केले आणि ते खिशात ठेवले.

"चार दिवस तुम्ही समोर बसून बघत होतात," ती म्हणाली. "मी माझी एसटीने जाईन पुण्याला."

मृण्मयीने चौथ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हाचा हुद्दा लिहिला, सही केली आणि अहवाल पाठवून दिला. आता कक्षप्रमुखपद जाणार, चौकशी लागणार, वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळणार, हे उघड होतं. पण खरं सांगायचं तर फरझानाच्या शब्दांनी मन पोळलं असतानाही तिला कुठेतरी हलकं वाटत होतं. आपण आपलं नाव आपल्या हाताने लिहिलं, असं करायला छाती लागते, असंही तिच्या मनात येऊन गेलं. अहवालाची एक प्रत छापून घेऊन ती पायीच पूल ओलांडून तांबडवाडीला निघाली.

शिमगा पंधरा दिवसांवर आला होता. रांबाड्यांच्या अंगणात मिस्त्रीची सून सारवण करत होती. मामंजी मागल्या दारी आहेत, असं ती म्हणाली आणि हात धुऊन पाणी आणायला गेली. धाकू मिस्त्री मागच्या पडवीत सुपारी सोलत बसला होता. पंच्याहत्तरीचा, वाळलेला, पण बोटं अजून गवंड्याची, जाड आणि सरळ. तिने नाव सांगितल्यावर तो भिंतीला धरून उठला, तिच्यासाठी चटई अंथरली आणि मॅडम बसा म्हणाला. त्याच्या तोंडच्या त्या मॅडमने तिला कसंनुसं झालं.

तिने काही राखून न ठेवता सगळं सांगितलं. यंत्र, त्रेचाळीस अंश, वही, चौकशी. तो मान खाली घालून ऐकत होता. मध्ये त्याने एकच गोष्ट विचारली, भेग आत खडीला वळसा घालून गेलीय का. ती हो म्हणाली. म्हंजे काँक्रीट ओलं असतानाच पडली, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

"तुमची काही चूक नव्हती, मिस्त्री," ती म्हणाली. "तुम्हाला तर त्याच दिवशी ठाऊक होतं. मग मांडवात तुम्ही बोलला का नाहीत?"

"ठावं व्हतं, पन खात्री नव्हती," तो म्हणाला. "मी शाळा न शिकलेला मानूस. गोनपाटं वाळली व्हती, ती तर खोटी नव्हती. तुमी पुस्तकं वाचून सांगताय, तर माझंच चुकलं असंल, असं मी धरून चाललो. आजपावेतो धरून चाललोय."

त्याचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात आलं. मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घाईघाईने अहवालाची प्रत पुढे केली, चौथा रकाना दाखवला, इथे मी माझं नाव लिहिलंय म्हणाली, माझी नोकरीही बहुधा जाईल म्हणाली. मिस्त्रीने कागद हातात घेतला नाही. नोकरीचं तुमचं तुमी बघा, असं तो म्हणाला. त्यात राग नव्हता; त्या गोष्टीशी त्याला काही कर्तव्यच नव्हतं. त्याची नजर अंगणाच्या बाजूला लागली होती, जिथे सून पुन्हा सारवायला बसली होती. सुपारीची सालं त्याने एका बाजूला लोटली, पुन्हा गोळा केली, पुन्हा लोटली.

"त्या सालापासनं मी पालखीला खांदा दिला नाय," अखेर तो म्हणाला. "वाघजाईला म्हनलो, तुझ्यापायी माझं काम गेलं, माझं नाव गेलं, आता तुझ्या पालखीखाली मी येनार नाय. दर साली पालखी अंगनात येते, सून ओटी भरते, आनि मी हितं मागल्या दारी बसून ऱ्हातो. बावीस सालं तिचं तोंड बघितलं नाय मी."

मृण्मयीने पुढे धरलेली प्रत खाली चटईवर ठेवली.

"आनि आज तुमी येऊन सांगता, की पालखीला गेलो म्हनून काय झालंच नव्हतं," तो म्हणाला. "म्हंजे तिचा पन दोष नव्हता. तुमी माझ्यावर खोटा आळ घेतलात, आनि मी तिच्यावर घेतला."

मग तो रडला. म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता, तोंड वेडंवाकडं करून. उजवा हात डोळ्यांपर्यंत न्यायला गेला तर तो खांद्यातून वर उचलेना. त्याने डाव्या हाताने डोळे पुसले. पालखीला खांदा देण्याचे त्याचे दिवस मागेच सरले होते, आणि ते आता कुठल्याच अहवालाने परत येणार नव्हते. एका माणसाला निर्दोष ठरवायला आपण आलो आणि त्याच्या पदरात नवाच अपराध टाकला, हे मृण्मयीला लख्ख कळलं. तिला पळून जावंसं वाटलं.

थोड्या वेळाने मिस्त्रीने सुनेला हाक मारून विचारलं, पालखी आपल्याकडे कधी. शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी, असं तिने अंगणातून सांगितलं. मग त्याने मृण्मयीला समजावलं, जसं नव्या गड्याला काम समजावतात तसं. पालखी अंगणात टेकली की घरातला वडीलधारा देवीपुढे उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. काय चुकलं, काय माफ कर, सगळं नाव घेऊन सांगायचं असतं, आणि सगळी वाडी भोवती उभी राहून ते ऐकते. बावीस वर्षं या घरचं गाऱ्हाणं शेजारचा माणूस घालत होता.

"औंदा मी घालीन," तो म्हणाला. "माझं मी सांगीन. तुमी शेजारी येऊन उभ्या ऱ्हावा, आनि तुमचं तुमी सांगा. मांडवात सांगितलंत तसंच, सगळ्यांच्या म्होरं."

मृण्मयी हो म्हणाली. म्हणताना तिच्या तोंडाला कोरड पडली होती. त्या मांडवात, चाळीस माणसांसमोर खोटं सांगताना, तसं काही झालं नव्हतं.